फेनरिर लांडगा आणि आपला वाघोबा

दोस्तांनो, थॉर आणि त्याचा हातोडा तुम्हांला सिनेमामुळे ठाऊक असेलच. आज मात्र त्याच्याच गोतावळ्यातल्या एका लांडग्याची गोष्ट.

युरोपच्या पार उत्तरेला, नॉर्वे-आइसलंडकडचे जुने लोक मानत, की जगं एकूण नऊ. एका अवाढव्य झाडाच्या आधाराने ती उभी आहेत. देवांचं जग अस्गार्ड, माणसांचं मिडगार्ड. गंमत म्हणजे ‘गार्ड’ म्हणजे कुंपण घातलेलं आवार! बाहेर राक्षस, म्हणून आत माणसं. आपण परसाला काट्यांचं कुंपण घालतो ना, तसंच. फक्त हे एका आदिराक्षसाच्या भुवयांचं.

पण फेनरिर लांडगा वाढला तो देवांच्याच आवारात. तो आपला घात करणार, हे भविष्य देवांना कळलेलं होतं. दोन साखळदंड त्याने कडाकडा तोडले. मग देवांनी बुटक्यांकडून एक मऊ फीत करून आणली. कशाची, सांगू? मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पाखराची थुंकी! (तेव्हापासून मांजर चालतं ते बिनआवाजाचं.) लांडगाही वस्ताद. म्हणाला, “एकाने माझ्या तोंडात हात ठेवा, तरच बांधून घेईन.” एकटा टीर पुढे झाला. लांडगा बांधला गेला, टीरचा हात गेला, आणि बाकीचे देव हसले. मला ते हसणं मुळीच आवडत नाही. फसवणूक त्यांची, हात टीरचा!

स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या आइसलंडच्या सरदाराने 1220 च्या सुमारास हे सारं लिहून ठेवलं, म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

रानातल्या जनावराची अशी भीती इकडेही होतीच. किन्हवलीच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या रानालगतच्या पाड्यांवर ती वाघाची. पण इथे वाघाला बांधलं नाही, त्यालाच देव केलं. वाघोबा! कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे लाकडी फळीवर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य.

वारली लोकांत सांगतात ती एक कथा अशी : एका बाईचा मुलगा वाघासारखा वागू लागला, गुरं मारू लागला. गाव त्याच्या जिवावर उठलं. आई मध्ये पडली. मुलाला म्हणाली, तू रानात राहा. गावाला म्हणाली, वर्षातून एकदा त्याला त्याचा मान द्या. झाला करार! तो मान द्यायचा दिवस म्हणजे दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस, आश्विन वद्य द्वादशी.

पट्टेदार वाघ या रानातून गेला, पण तानसाच्या जंगलात बिबट्या आहे. गावकरी त्यालाही वाघच म्हणतात, तेव्हा करार चालूच. 2021 साली मुंबई, ठाणे, पालघरकडच्या वाघोबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली गेली. त्या अभ्यासकांत एक जण चक्क नॉर्वेतल्या संस्थेचा! फेनरिरच्या मुलखातला माणूस वाघोबाच्या दारी.

आणि फेनरिर? जगबुडीच्या दिवशी, रॅग्नारॉकला, तो फीत तोडणार आणि देवांचा राजा ओडिन, त्याला गिळणार, असं ती कथा सांगते.

किन्हवलीकडच्या दोस्तांनो, तुमच्या शिवेवरचा वाघोबा दगडाचा की लाकडाचा? आजी त्याची गोष्ट कशी सांगते? तिच्याच शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकी : ओडिनने स्वतःचा एक डोळा का देऊन टाकला?