जिव्हेवरील विद्युत्-उपचार : कौतुक असावे, घाई नसावी

पक्षाघाताच्या रुग्णाचे नातेवाईक हल्ली वैद्याकडे येताना रिपोर्टांच्या फाईलबरोबर मोबाईलवरील एखादी चित्रफीतही आणतात. माण तालुक्यातील एका शेतकरी रुग्णाच्या मुलाने मला अशीच एक चित्रफीत दाखविली. जिभेवर छोटी पट्टी ठेवून विजेचा सौम्य प्रवाह दिला जातो आणि झोकांड्या खाणारा मनुष्य नीट चालू लागतो, असे तीत होते. "डॉक्टर, हे मशीन मिळंल का? दोन म्हशी विकायची तयारी आहे," असे तो म्हणाला. सातारा-सांगली परिसरातील वैद्यबंधू-भगिनींना हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणारच आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या उपचारामागील विचार निराधार नाही. डॉ. पॉल बाख-इ-रिता यांनी १९६९ मध्ये पाठीच्या त्वचेवरील स्पर्शातून अंध व्यक्तीस दृश्याचा बोध करून देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी व सहकाऱ्यांनी याच कामासाठी जिव्हेची निवड केली. जीभ लाळेने सदैव ओली व स्पर्शाला तीक्ष्ण असल्याने अत्यल्प विद्युत्दाब पुरतो. शिवाय तिच्या अग्रभागातील संवेदना ट्रायजेमिनल व फेशियल नर्व्हद्वारे ब्रेनस्टेमकडे जातात, आणि तोल सांभाळणारी केंद्रेही त्याच परिसरात आहेत.

यातूनच 'पॉन्स' हे उपकरण निघाले. कॅनडाने २०१८ मध्ये मेंदूच्या इजेनंतरच्या तोलदोषासाठी त्यास मान्यता दिली, अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने मात्र २०१९ मध्ये त्याच कारणासाठी ती नाकारली. परीक्षणात पूर्ण उत्तेजन घेणारे व नाममात्र उत्तेजन घेणारे असे दोन्ही गट सुधारले होते. मग गुण विजेचा की दोन्ही गटांनी केलेल्या व्यायामाचा, हे ठरेना. २०२१ मध्ये एफ.डी.ए.ने परवानगी दिली ती मल्टिपल स्क्लेरोसिसमधील चालण्याच्या दोषापुरती, वयाच्या २२ वर्षांपुढील रुग्णांसाठी, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालील व्यायामास जोड म्हणूनच. ती परवानगी पक्षाघातासाठी नव्हती. हा तपशील चित्रफितीत नसतो. तो सांगणे आपले काम आहे.

दुसरीकडे, "हे तर आमच्या ग्रंथांत पूर्वीच आहे" असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सुवर्ण, रौप्य, ताम्र आदींचे जिव्हानिर्लेखन सांगितले आहे, कवल-गंडूष आहेत, वेखंड-अक्कलकाऱ्याचे जिभेवरील घर्षणही आपल्या व्यवहारात आहे. परंतु त्यांची उद्दिष्टे वेगळी आहेत. त्यांना विद्युत्-उत्तेजनाचे पूर्वरूप ठरविल्याने शास्त्राचा गौरव होत नाही, उलट हसे होते. पक्षाघातात स्वेदन व स्नेहयुक्त विरेचन हा आपला स्वतःचा विचार आहे. तो सिद्ध करायचा तर नोंदी ठेवून करावा. उसन्या यंत्राच्या आधाराने नव्हे.

खरी चिंता पुढेच आहे. स्नायूंसाठी असलेल्या साध्या यंत्राच्या तारा जिभेला लावून पाहा, असा सल्ला मला एका फिरत्या विक्रेत्याने दिला. हा शुद्ध अविचार आहे. असा प्रवाह नियंत्रित नसतो. रुग्णाला पेसमेकर असू शकतो, अपस्माराचा इतिहास असू शकतो. औषधी दुकानदारांनीही ध्यानात घ्यावे की १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तसेच १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात पक्षाघाताचा समावेश आहे. "लकवा हमखास बरा" अशी पाटी लावणे हा गुन्हा ठरतो, मग आत तेल विकत असो वा यंत्र.

आणखी दोन गोष्टी नम्रपणे सुचवितो. तोंड वाकडे, जीभ जड, हात लुळा अशा अवस्थेत रुग्ण नुकताच आला असेल तर त्याला काढा न देता तत्काळ मिरज, सांगली वा साताऱ्यातील सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. रक्ताची गुठळी विरघळविण्याच्या उपचारासाठी पहिले साडेचार तासच हाती असतात. तसेच जिव्हास्तंभ असलेल्या रुग्णाचे गिळणे तपासल्याशिवाय तोंडावाटे स्नेह वा काढा देऊ नये. तो फुप्फुसात उतरू शकतो.

त्या मुलाला मी म्हशी विकू दिल्या नाहीत. स्नेहन-स्वेदन चालू ठेवले, दहिवडीच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घेतला, आणि ओसरीत १० मीटर अंतर आखून दर रविवारी चालण्याचा वेळ वहीत लिहायला सांगितले. तीन महिन्यांनी वडील काठी टेकत गोठ्यापर्यंत जाऊ लागले. श्रेय तेलाचे, व्यायामाचे की निसर्गाचे, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. परंतु वही आहे. आपल्या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक चिकित्सालयात अशी वही सुरू झाली, तर उद्या जिव्हेवरील यंत्राबद्दलही आपण अधिकाराने बोलू शकू.