घरात वाघ, बाहेर काय?

‘आपली टीम फक्त घरात वाघ!’ हॉकीचा विषय निघाला की कट्ट्यावर हे वाक्य हमखास येतं. पुरावाही तयार असतो. जून 2025 मध्ये प्रो लीगसाठी युरोपात गेलेली आपली पुरुष टीम सलग सात मॅच हरली. सप्टेंबरमध्ये बिहारच्या राजगीरला मात्र फायनलमध्ये कोरियाला 4-1 ने हरवून आशिया कप जिंकला.

पण स्कोअर नीट बघा. सातपैकी सहा पराभव फक्त एका गोलचे. नेदरलँड्सविरुद्ध 1-2 आणि 2-3. दोन्ही वेळा निर्णायक गोल शेवटच्या चार मिनिटांत खाल्ला. आठव्या मॅचमध्ये तर बेल्जियमला त्यांच्याच घरात 4-3 ने हरवलं. म्हणजे खेळ कमी पडत नाही, कमी पडतात ती शेवटची पाच मिनिटं. 16 दिवसांत 8 मॅच खेळल्यावर पाय थकतात, पास घाईत जातो आणि एका पेनल्टी कॉर्नरवर सगळं संपतं.

हे आत्ता का बोलायचं? कारण 2026 चा वर्ल्ड कप नेदरलँड्स आणि बेल्जियममध्येच आहे. तिथे प्रेक्षकही त्यांचेच असणार. त्यामुळे टीमला ट्रोल करण्यापेक्षा एकच प्रश्न विचारूया: त्या शेवटच्या पाच मिनिटांची तयारी होतेय ना?