आमातींच्या घराचं दार

जुन्या इटालियन व्हायोलिनची बातमी आली, की ती बहुधा लिलावाची असते. आकडा डोळे दिपवणारा आणि नाव स्त्रादिवारीचं. व्हायोलिनला आजचं रूप ज्या घरात मिळालं, त्या क्रेमोनाच्या आमातींची आठवण क्वचितच निघते. हा अन्याय आहे, आणि तो फक्त त्यांच्या वाद्यांवरचा नाही.

आंद्रेआ आमातीने सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा नववा शार्ल याच्या दरबारासाठी राजचिन्हं रंगवलेली वाद्यं केली. त्यांतलं १५६४ सालचं एक व्हायोलिन ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. आत लाकडी साचा धरायचा, त्याच्याभोवती मेपलच्या पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवून बसवायच्या, मग पोटाला स्प्रूसचा आणि पाठीला मेपलचा कोरलेला तक्ता. बांधणीची ही रीत आंद्रेआकडून आंतोनिओ व जिरोलामो या मुलांकडे आणि पुढे नातू निकोलोकडे आली. सुमारे शतकभर ही विद्या उंबऱ्याच्या आतच राहिली. खास चीज पोटच्या मुलालाच द्यायची, ही वृत्ती आपल्या संगीतालाही अनोळखी नाही.

१६३० मध्ये प्लेग आला. त्यात जिरोलामो गेला आणि क्रेमोनात या विद्येचा सगळा भार एकट्या निकोलोवर आला. तोवर त्याचं लग्नही झालेलं नव्हतं.

त्याने परक्या मुलांना घरात घेतलं. १६४१ च्या नोंदीत त्याच्या घरी राहणाऱ्यांत आंद्रेआ ग्वार्नेरी हे नाव सापडतं. याच ग्वार्नेरीचा नातू जुझेप्पे 'देल जेझू' म्हणून अजरामर झाला. व्हायोलिनवादक पागानिनी ज्याला 'तोफ' म्हणे, ते १७४३ सालचं व्हायोलिन त्याच्याच हातचं. ते आता जेनोवा शहराच्या मालकीचं आहे. १६६६ सालच्या एका व्हायोलिनमधल्या चिठ्ठीवर तर खुद्द स्त्रादिवारीने स्वतःला निकोलोचा शिष्य म्हटलं आहे.

निकोलोवर वेळच तशी आली होती, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण वेळ आली तरी हातची विद्या चितेपर्यंत मुठीत धरून ठेवणारे थोडे नसतात. निकोलोने मूठ उघडली, म्हणून माझ्या लेखी त्या घराण्यात तोच सर्वांत मोठा.

त्याचा मुलगा, दुसरा जिरोलामो, १७४० मध्ये वारला आणि आमातींची कार्यशाळा संपली. क्रेमोनात १९३८ पासून व्हायोलिन घडवायला शिकवणारी शाळा आहे. तिथे देशोदेशींची मुलं शिकायला येतात.