डबा पंधराचा, पण किलोचा की लिटरचा?

जयसिंगपूरच्या आमच्या दुकानदार आणि कारागीर बंधूंनी तेलाचा डबा घेताना नुसते 'पंधराचा' म्हणून भागवू नये. १५ किलोचा डबा वेगळा, १५ लिटरचा वेगळा. लिटरभर तेल भरते सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरचे झाले अंदाजे १३ किलो ६५० ग्रॅम. उरलेल्या सव्वा किलोहून अधिक तेलाचा भुर्दंड बसतो तो बावर्ची आणि बेकरीवाल्यांना. शिवाय तेल तापले की फुगते, माप तेच राहून वजन घटते. म्हणूनच २०२२ साली केंद्र सरकारने कंपन्यांना लिटरसोबत वजनही छापण्यास बजावले. आमचे म्हणणे इतकेच : विकणाऱ्याने वजन सांगावे, घेणाऱ्याने किलोचा भाव काढूनच डबा उचलावा. चोख वजनानेच गिऱ्हाईक टिकते.