उदगीरच्या रुळांवरचे स्वदेशी ‘कवच’

1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले, त्या उदगीरच्या संग्रामात कवायती तोफखान्याचा वाटा मोठा होता. शौर्याला तंत्रज्ञानाची जोड लागते, हा त्या विजयाचा बोध. आज त्याच उदगीरवरून जाणाऱ्या लोहमार्गाला या बोधाचे आधुनिक रूप लाभले आहे. मात्र त्याची जाण फार थोड्यांना आहे.

‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी स्वदेशी यंत्रणा. लखनऊच्या ‘आरडीएसओ’ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने ती भारतीय उद्योगांच्या साहाय्याने विकसित केली. प्रवासी गाड्यांवरील तिच्या चाचण्या फेब्रुवारी 2016मध्ये सुरू झाल्या, त्या लिंगमपल्ली–विकाराबाद–वाडी आणि विकाराबाद–बीदर या मार्गांवर. पुढे उदगीर ज्यावर वसले आहे, तो बीदर–परळी–परभणी हा 241 किलोमीटरचा टप्पाही कवचाखाली आला.

रुळांमधील टॅग इंजिनाला त्याचे स्थान सांगतात; स्थानक आणि इंजिन रेडिओलहरींनी परस्परांशी बोलतात. चालकाने लाल सिग्नल ओलांडण्याचा धोका दिसताच ब्रेक आपोआप लागतात. दाट धुक्यातही सिग्नल इंजिनातच दिसतो. जून 2023मध्ये बालासोरला 290हून अधिक प्रवाशांचे प्राण गेले, तेव्हा त्या मार्गावर कवच नव्हते. सिग्नलजोडणीतील चुकीमुळे घडलेला तो अपघात कवचाने टळलाच असता, असे म्हणता येणार नाही. परंतु सुरक्षेचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, हे त्याने दाखवून दिले.

लातूरजवळ हरंगुळच्या डबे कारखान्याची चर्चा सर्वत्र झाली. 25 डिसेंबर 2020 रोजी तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला; पुढे ‘वंदे भारत’च्या शयनयान गाड्या बांधण्याचे काम रशियन भागीदारीतील कंपनीकडे गेले. कारखान्याने रोजगार येतो, त्याचे स्वागतच आहे. पण केवळ जोडणी करणारा देश आणि स्वतः शोध लावणारा देश यांत अंतर असते. कवच हे अंतर कापते.

खंत एवढीच, की प्रयोगाची भूमी मराठवाड्याला लागून असताना प्रयोगकर्त्यांत मराठवाडा फारसा दिसत नाही. ‘लातूर पॅटर्न’ने घरोघरी डॉक्टर घडविण्याची आकांक्षा रुजविली. तीच जिद्द सिग्नल, रूळ आणि ब्रेक यांच्या संशोधनाकडे का वळू नये? नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेने आणि परिसरातील महाविद्यालयांनी रेल्वेकडे प्रकल्प मागितले पाहिजेत, पालकांनी मुलांना त्यासाठी प्रोत्साहन दिले पाहिजे. स्वदेशी ही घोषणेने सिद्ध होत नाही. ती प्रयोगशाळेत घडते आणि रुळांवर पारखली जाते.