किल्ली कुणाकडे?

लग्नसराई चालू होती. आमच्या भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पत्रिका आली. पाठवणारी ग्रुपमधलीच, आणि तिच्या नणंदेच्या मुलीचं जमलंय हे सगळ्यांना ठाऊक. एका काकूंनी कौतुकानं उघडली. पत्रिका काही दिसेना, फोन मात्र विचारत राहिला, 'इन्स्टॉल करू?', 'परवानगी देता?' काकू प्रत्येक वेळी 'हो' म्हणत गेल्या. चष्मा देवघरात राहिला होता म्हणे. अर्ध्या तासात खात्यातून बारा हजार गेले.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. पण मला चटका लावून गेलं ते पुढचं. काकूंना हे कळलं दुपारी तीनला आणि त्यांनी घरात सांगितलं रात्री साडेनऊला, सगळ्यांची जेवणं झाल्यावर. तोवर त्या पोळ्या लाटत होत्या, वाढत होत्या आणि आतल्या आत थरथरत होत्या. "हे ओरडतील गं. म्हणतील, झेपत नाही तर मोबाइल हातात घेतेस कशाला?" त्या साडेसहा तासांत आणखी दोनदा पैसे गेले. एकूण अडतीस हजार.

मैत्रिणींनो, लग्नपत्रिका म्हणजे एक तर फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. ती उघडली की दिसते, बस्स. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं ती पत्रिका नसतेच, तो फोनमध्ये शिरणारा अख्खा प्रोग्रॅम असतो. आपण 'हो, हो' करत गेलो की त्याला आपले मेसेज वाचायची मुभा मिळते आणि बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो. "मी कुणालाही ओटीपी सांगितला नाही हो," असं काकू कळवळून सांगत होत्या ते अगदी खरं होतं. पुढे हाच प्रोग्रॅम आपल्या नावानं तीच पत्रिका माहेरी-सासरी वाटत सुटतो. म्हणून 'ओळखीच्या नंबरावरून आली' याला आता काही अर्थ नाही.

असं झालंच तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. मग शेजारणीच्या फोनवरून १९३० हा नंबर लावा. तो सायबर फसवणुकीसाठीच आहे. तक्रार लवकर गेली तर चोरानं पैसे पुढे काढून घेण्याआधी ते अडवता येतात. बँकेलाही लगेच कळवा. नंबर पासबुकावरचा घ्या, गुगलवर शोधू नका, तिथे चोरांनीही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे काकूंनी तीनलाच तोंड उघडलं असतं तर? नवऱ्याचं ओरडणं दहा मिनिटांत संपलं असतं हो.

आता माझं सांगते. काकूंना शहाणपण शिकवून घरी आले तर भाचीनं सहज विचारलं, "मावशी, तुझा पासवर्ड काय गं?" मी सांगूनही टाकला! मुलाचं नाव आणि जन्मसाल. त्याचा वाढदिवस मी दर वर्षी फोटोसकट फेसबुकवर टाकते, ही आणखी एक गंमत. फोन मुलानं घेऊन दिला, त्याच्याच ईमेलवर चालू केला. पैसे पाठवायचा पिन यांनी ठरवलेला. फोन माझा, किल्ली सगळ्यांकडे. माझी आजी कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून घरभर फिरायची, तेव्हा 'बाई काय लपवतेय' असं कुणी म्हटलं नाही. आपण मोबाइलला कुलूप लावलं की मात्र घरात भुवया उंचावतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. तो स्वयंपाकघरापर्यंत अजून पोचायचाय.

एका दुपारी भाचीला घेऊन बसले. ईमेल माझा स्वतःचा काढला. पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा केला. व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणी लावली, म्हणजे नुसता ओटीपी मिळवून कुणाला ते दुसरीकडे चालू करता येत नाही. मग 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये पाहिलं तर एक अनोळखी कॉम्प्युटर! डोक्याला ताण दिल्यावर आठवलं. आठवड्यापूर्वी आधारकार्डाची प्रत काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेले होते आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅप उघडून दिलं होतं. ते बंद करायचं राहून गेलं. म्हणजे आठवडाभर माझ्या जावेशी चाललेल्या गप्पा त्या दुकानात उघड्या पडल्या होत्या. कुणी वाचल्या असतील असं नाही. पण तोंडाला कोरड पडली खरी.

काकूंचे शेवटचे नऊ हजार बँकेत गोठले आणि पुढे परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच. परवा भिशीला आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, पिन बदलला मी. माझा मीच." काय ठेवला ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.