मीटरने किती सांगावे?

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर दिवाळीनंतर अनेक घरांना कुलूप लागते. माणसे कामासाठी दूर जातात. घर रिकामे आहे हे आजवर शेजाऱ्यांना ठाऊक असे. आता ते स्मार्ट मीटरलाही कळेल. महावितरण वाशिमसह राज्यभर बसवत असलेले हे मीटर विजेचा वापर अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून लहान टप्प्यांत नोंदवू शकतात. महिनाभराची अशी नोंद हाती आली की घरचे कधी उठतात, कधी शेतात जातात, कधी गावाला गेले, हे उंबरठा न ओलांडता सांगता येते.

ही माहिती जपायची तर यंत्रणा मंदावते, असा युक्तिवाद तंत्रज्ञ करतात. मीटरमधली चिप लहान, खेड्यात रेंज तुटपुंजी, त्यात प्रत्येक नोंद कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून पाठवायची. अडचण खरी आहे, पण अर्धीच. कुलूप लावण्याचे काम आजच्या चिपला फारसे जड नाही. जड आहे तो नोंदींचा ढीग: तो पाठवायचा, साठवायचा, राखायचा. ढीगच कमी केला तर वेगही वाढतो आणि धोकाही घटतो.

ते शक्य आहे. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. त्या बिलासाठी वेळेच्या प्रत्येक टप्प्याची महिनाअखेरची बेरीज पुरते आणि ती मीटर स्वतःच करू शकतो. वीजचोरीचे काय? डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) मीटरशी ग्राहकांच्या रोजच्या बेरजा ताडून पाहा. संशय आला तर कारण नोंदवून त्याच जोडणीचा तपशील मागवा. एरवी बारीक नोंद मीटरमध्येच राहावी आणि काही आठवड्यांनी पुसली जावी. मोबाइलवर तासातासाचा वापर ज्याला पाहायचा आहे, त्याने तशी संमती द्यावी.

नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये खासगीपणाच्याच मुद्द्यावर स्मार्ट मीटरची सक्ती रोखली होती. आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांसाठी तेव्हापासून दीड वर्षाची मुदत आहे. मीटर मात्र आजच भिंतीवर चढत आहेत. म्हणून राज्य वीज नियामक आयोगाने थांबू नये. कोणती नोंद किती दिवस ठेवायची, कंत्राटदाराला त्यातले काय दिसेल, पोलिसांनी मागितल्यास कोणाच्या सहीने द्यायची, हे आदेश काढून ठरवावे. आणि मीटर बसवायला येणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या आदेशाचा मराठी कागद ग्राहकाच्या हाती द्यावा.